परिवीक्षा

दोषी ठरलेल्या व्यक्तीस कारावास न देता, सद्‌वर्तनाच्या हमीवर समाजातच राहू देण्याची न्यायालयीन पद्धती. अल्पकालीन कारावासात नवख्या अपराध्यास सराइतांची संगत लागते, हे टाळणे हा तिचा हेतू होय. बॉस्टन येथील जॉन ऑगस्टस या पादत्राणे बनविणाऱ्या गृहस्थाने १८४१ मध्ये एका मद्यपीची हमी घेतली, तो तिचा आरंभ मानतात. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात यासंबंधी १९३६ मध्ये, तर मुंबई प्रांतात १९३८ मध्ये कायदा झाला. अपराधी परिवीक्षा अधिनियम हा केंद्रीय कायदा १९५८ चा आहे.

उदा., नागपूरच्या गांधीबागेतील कापडपेठेत २१ वर्षांखालील नोकराने दुकानात प्रथमच चोरी केली, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेतल्याविना न्यायालय त्यास कारावास देऊ शकत नाही; दिल्यास कारणे नोंदवावी लागतात. एरव्ही त्यास समज देऊन किंवा कमाल तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडतात. मालकास भरपाईही देवविता येते. देखरेखीचा आदेश असल्यास अधिकारी त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवतो व रोजगार मिळविण्यास साहाय्य करतो. अटी मोडल्यास मूळ अपराधाची शिक्षा होऊ शकते. दोषसिद्धीमुळे कायद्यान्वये येणारी अपात्रता परिवीक्षेमुळे टळते. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही.