पावसाने दाखविलेले जग

मुळशी तालुक्यात पौड मागे टाकून ताम्हिणीच्या दिशेने आषाढात निघालेल्या प्रवाशाला पुष्कळदा काहीच दिसत नाही. धुके आणि पाऊस यांची अशी गट्टी जमते की, धरणाचे पाणी कोठे संपले आणि डोंगर कोठे सुरू झाला, याचा उलगडा होत नाही. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. त्या दिवशी तर समोरचे झाडही हरवले असेल. परंतु अशा पावसात एखाद्या घराच्या पडवीत डोळे मिटून तासभर बसलेल्या माणसास ठाऊक असते की, कौलांवरचा पाऊस वेगळा आणि पत्र्यावरचा वेगळा. सागाच्या रुंद पानांवर तो टपटपतो, खाचरात साचलेल्या पाण्यावर मऊ होतो, आणि पलीकडच्या ओढ्यात त्याची एक सलग घरघर होऊन जाते. पडवी, अंगण, बांध, खाचर, ओढा अशी सारी सृष्टी आपापल्या अंतरावर ऐकणाऱ्याभोवती उभी राहते. डोळ्यांनी नाकारलेला परिसर कानांनी परत मिळतो.

हा अनुभव ज्याने विचाराच्या पातळीवर नेला, त्या माणसाचा मुळशीशी काही संबंध नव्हता. प्रा. जॉन हल हे जन्माने ऑस्ट्रेलियन. इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठात ते धार्मिक शिक्षण या विषयाचे प्राध्यापक होते. २८ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. अंधांचे कैवारी म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि तो यथार्थही आहे. पण मनात चित्र उमटत नाही अशा माणसांची बाजू इतक्या अधिकाराने मांडणारा लेखक दुसरा सहसा सापडणार नाही, या कारणासाठीही त्यांचे स्मरण करावयास हवे.

हल यांची दृष्टी कुमारवयापासूनच अधू होती. मोतीबिंदू, मग नेत्रपटल सुटणे, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, असे करीत १९८३ च्या सुमारास उरलासुरला उजेडही गेला. त्याच वर्षी त्यांनी ध्वनिफितींवर आपली रोजनिशी बोलून ठेवण्यास प्रारंभ केला. तिच्यातूनच पुढे १९९० साली ‘टचिंग द रॉक’ हे पुस्तक झाले. डोळे गेल्याचे दुःख त्यात आहेच. परंतु वाचकाला हादरा बसतो तो निराळ्याच गोष्टीने. बाहेरचा प्रकाश गेल्यानंतर हल यांच्या मनातील चित्रेही एकामागून एक पुसट होत गेली. पत्नीचा चेहरा आठवेनासा झाला. आठवलेच तर तिचे एखादे छायाचित्र आठवे, चेहरा नव्हे. इंग्रजी तीनचा आकडा कोणत्या बाजूला उघडा असतो, हे त्यांना बोटाने हवेत गिरवून पाहावे लागे. बोटाला जे स्मरत होते ते मनश्चक्षूंना स्मरत नव्हते. स्वप्ने मात्र सचित्र पडत.

एखाद्याने याला अंधारावरचा अंधार म्हटले असते. हल यांनी तसे म्हटले नाही. एका सायंकाळी दार उघडताच बागेत पडणारा पाऊस त्यांच्या कानी आला. वाट, झुडपे, हिरवळ, कुंपण यांवर पडताना प्रत्येक ठिकाणी त्याचा नाद पालटत होता आणि त्या नादांतून संपूर्ण बाग त्यांच्यापुढे आकारास आली. घराच्या आतही असाच पाऊस पडला असता तर खोलीतील वस्तूही आपल्याला ‘दिसल्या’ असत्या, असे त्यांच्या मनात येऊन गेले. स्वतःला ते सर्वांगाने पाहणारा माणूस म्हणू लागले. त्यांच्या लेखी आपले जग डोळसांच्या जगाची मोडकीतोडकी प्रत नव्हते. ते वेगळे आणि आपल्या परीने पूर्ण असे जग होते.

त्यांची वकिली होती ती ही, आणि तीत दयेची याचना नाही. २००१ साली त्यांनी बायबलमधील अंधत्वाच्या रूपकांवर एक पुस्तक लिहिले. अंधत्व म्हणजे अज्ञान किंवा पाप, हे समीकरण धर्मग्रंथांतही किती सहज वावरते, ते त्यांनी स्वतः श्रद्धावान असूनही निर्भीडपणे दाखविले. मराठी माणसाने या बाबतीत ख्रिस्ती ग्रंथांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. आपला गैरकारभार ‘आंधळा’ असतो, खुळचट समजुती ‘अंध’ असतात, विवेकी श्रद्धा ‘डोळस’ ठरते आणि थोर पुढाऱ्याला हटकून दूरदृष्टी लाभलेली असते!

न्यूयॉर्क येथील प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी हल यांचे लेखन मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचविले. प्रारंभी सॅक्स यांचा समज असा झाला की, दीर्घ अंधत्वात मनातील चित्रे विझत जाणे हा जवळजवळ नियमच असावा. पण पुढे त्यांची गाठ झोल्टान टोरी यांच्याशी पडली. ऐन तारुण्यात, १९५१ साली, ऑस्ट्रेलियात एका अपघातात डोळे गमावलेल्या या गृहस्थांनी मनातील चित्रे हट्टाने राखली, वाढविली आणि त्यांच्या भरवशावर रात्रीच्या काळोखात घराच्या छपरावर चढून पन्हळी बदलल्या. शेजाऱ्यांची पाचावर धारण बसली. एकाच आपत्तीतून दोन माणसे दोन विरुद्ध दिशांना गेली, हे सॅक्स यांनी प्रांजळपणे नोंदविले. स्वतः सॅक्स यांच्या मनात इच्छेनुसार चित्र असे उमटतच नसे. शल्यचिकित्सक असलेली त्यांची आई पालीसारख्या प्राण्याचा सांगाडा क्षणभर पाहून, मान फिरवून, तो वेगवेगळ्या कोनांतून रेखाटू शके. तिला तो मनात स्वच्छ दिसतो हे कळले तेव्हा मुलगा चक्रावून गेला होता.

सॅक्सही त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये गेले. आणि त्याच वर्षी या अवस्थेला नाव मिळाले. तत्पूर्वी पाच वर्षे इंग्लंडातील डॉ. ॲडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयावरील उपचारांनंतर मनातील चित्रे गमावलेल्या एका निवृत्त सर्वेक्षकाची हकीकत प्रसिद्ध केली होती. ती वाचून एकवीस जणांनी कळविले की, आमच्या मनात जन्मापासूनच चित्र उमटत नाही. त्यांच्या अनुभवांवर आधारलेल्या निबंधात झेमन यांनी ‘ॲफँटेशिया’ हा शब्द योजला. मराठीत प्रतिमाशून्यता म्हणता येईल. वास्तविक १८८० सालीच फ्रान्सिस गाल्टन यांनी सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणावयास सांगून लोकांना प्रश्न विचारले होते, आणि अनेक शास्त्रज्ञांनी असे चित्र प्रत्यक्ष दिसते हेच मानण्यास नकार दिल्याची नोंद केली होती. म्हणजे गोष्ट माहीत होती. तिची दखल घेण्यास १३५ वर्षे लागली.

येथे एक भेद जपावयास हवा. हल यांची चित्रे अंधत्वामागोमाग गेली. प्रतिमाशून्य माणसाचे डोळे बहुधा शाबूत असतात आणि त्याच्यापाशी ती चित्रे बहुशः कधीच नव्हती. अशांचे प्रमाण शंभरात सुमारे एक आहे; अगदी अंधुक चित्रे दिसणारे धरले तर चारांच्या आसपास. हा रोग नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत त्याचा समावेश नाही, आणि नसावा हेच योग्य. प्रमाणपत्राने सुटणारा हा प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो वर्गाचा. मुळशीच्या एखाद्या शाळेत १९२१ च्या सत्याग्रहाचा पाठ चालू आहे असे धरू. सेनापती बापटांचे नाव मुलांना माहीत असते. शिक्षक रंगात येऊन म्हणतात, “डोळे मिटा आणि पाण्याखाली गेलेले ते गाव पाहा.” चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाला मिटल्या पापण्यांआड केवळ काळोख दिसतो. इतर माना डोलावतात म्हणून तोही डोलावतो, आणि ‘पाहा’ ही केवळ बोलण्याची रीत असावी अशी स्वतःची समजूत घालतो. वर्णनात्मक निबंधात त्याला गुण कमी पडतात. कल्पनाशक्ती तोकडी असा शेरा मिळतो. महाविद्यालयात उत्पन्न वाढले की मागणीचा वक्र उजवीकडे सरकतो, हे तो तर्काने चोख सांगतो. मात्र आकृती मनात आणून उत्तर द्या म्हटले की अडतो. हल यांनी तीन गिरविला तसा त्याने तो वक्र हवेत बोटाने गिरविला, तर वर्ग हसेल.

‘कल्पना’ या एका शब्दावर मराठीने विचार, तर्क आणि मनातील चित्र अशी तीन ओझी लादली आहेत. त्यामुळे चित्र नाही म्हणजे कल्पना नाही, असा निवाडा चटकन होतो. तो खोटा आहे. संगणकीय चित्रपटांचा पाया घालणाऱ्या पिक्सार संस्थेचे एड कॅटमल यांच्या मनात चित्रे उमटत नाहीत. २०२१ च्या एका अभ्यासात लोकांना खोल्यांची छायाचित्रे दाखवून नंतर ती स्मरणाने काढावयास सांगितले होते. प्रतिमाशून्य माणसांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले. पण ज्या काढल्या त्या जागच्या जागी होत्या, आणि खोलीत मुळात नसलेल्या वस्तू त्यांनी इतरांपेक्षा कमी घुसडल्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना या शेवटच्या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

हल यांना हे संशोधन वाचावयास मिळाले नाही. त्यांच्या रोजनिशीवरील ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’ हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर २०१६ साली आला. दिग्दर्शकांनी त्यात मूळ ध्वनिफितीच वापरल्या आणि नटांनी त्यांबरहुकूम नुसते ओठ हलविले. पडद्यावर दिसणारा चेहरा नटाचा आहे; आवाज हल यांचा, आणि बागेत पाऊस पडू लागतो तेव्हाही तोच बोलत असतो.