पक्षाघातानंतरची बडबड हसण्यावारी नेऊ नका

अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण अचानक बरळू लागला, घरच्यांनाच ओळखेनासा झाला, तर ते वेड नव्हे. मेंदूने दिलेली ती धोक्याची सूचना असते. ती वेळीच ओळखली, तर रुग्णाची बरे होण्याची वाट पुष्कळ सोपी होते.

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनपासून लोकल गाडीने सुमारे २३ किलोमीटरवर, हुगळीच्या काठी बराकपूर आहे. १८५७ मध्ये मंगल पांडे यांनी बंडाची ठिणगी टाकली ते हेच गाव. आजही इथे लष्कराची छावणी आणि हवाई दलाचा तळ आहे. बदलीच्या निमित्ताने देशभरातली कुटुंबे इथे येऊन राहतात. त्यांत मराठी घरेही असतात.

समजा, अशाच एका घरी साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. तोंड वाकडे झाले, डावा हात लुळा पडला. धावपळ करून रुग्णालयात नेले, उपचार लगेच सुरू झाले. जिवावरचा धोका टळला म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिसऱ्या रात्री अण्णा सलाइनची नळी ओढू लागले. ‘‘सोडा मला, म्हशीची धार काढायची राहिलीय!’’ समोर उभ्या असलेल्या मुलाला ते कधीच वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागले. सकाळी पाहावे तर शांत! आणि दिवेलागण झाली की पुन्हा तेच.

अशा वेळी कोणी म्हणते, ‘वात झालाय.’ कोणी म्हणते, ‘वय झालं, असं चालायचंच.’ कोणाला बाहेरची बाधा आठवते. सुनेला वाटते, आता हे कायमचेच. यांतला एकही अंदाज बरोबर नसतो.

हा प्रकार आहे तरी काय?

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. पक्षाघाताच्या साधारण चौघा रुग्णांपैकी एकाला पहिल्या काही दिवसांत तो होतो. वाढते वय, मोठा झटका, आधीपासून असलेला विसराळूपणा, अधू नजर किंवा कमी ऐकू येणे, यांमुळे त्याची शक्यता वाढते.

त्याची खूण सोपी आहे. बदल अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होतो. दिवसभरात तो कमी-जास्त होतो आणि रात्री बहुधा वाढतो. रुग्णाचे लक्ष कशावरच टिकत नाही. म्हातारपणातला बुद्धिभ्रंश मात्र महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो.

आणखी एक गफलत होते. मेंदूतील भाषेच्या केंद्राला इजा झाली, तर रुग्ण पूर्ण शुद्धीवर असूनही भलतेच शब्द बोलतो. तो भ्रम नव्हे. हा फरक डॉक्टरांनीच तपासून ठरवायचा असतो.

गप्प पडलेला रुग्णही धोक्यात

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. पण अनेक रुग्णांत हाच भ्रम अगदी उलट रूप घेतो. रुग्ण दिवसभर पेंगतो, हाक मारली तर उशिरा बघतो, घास तोंडात तसाच ठेवतो. ‘आज शांत झोपलेत’ म्हणून घरचे समाधान मानतात आणि आजार नजरेतून सुटतो. कालपर्यंत दोन शब्द बोलणारा माणूस आज मुका झाला, तर तेही लगेच सांगायला हवे.

कारण शोधले, तर उपाय सापडतो

जखमी मेंदू आधीच नाजूक झालेला असतो. त्यात थोडी जरी भर पडली, तरी त्याचा तोल जातो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, अंगातले पाणी कमी होणे, रक्तातले सोडियम किंवा साखर बिघडणे, वेदना, जागरण ही नेहमीची कारणे. काही झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या गोळ्यांनीही भ्रम होतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू रुग्णालयात एकदम बंद होते, त्यानेही तो होतो. म्हणून ही सवय डॉक्टरांपासून लपवू नये. कधी कधी झटका पुन्हा आलेला असतो किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. त्यामुळे अचानक बदल दिसताच सकाळच्या राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे.

बरे होण्याशी काय संबंध?

कोलकाता शहरात २००३ ते २००५ या काळात ५२,३७७ लोकांची पाहणी झाली. तीत पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावल्याचे दिसले. पहिला महिना किती नाजूक असतो, ते यावरून कळते. भ्रम झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते, त्यांचा रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि पुढे दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळही अधिक येते.

याच काळात हातापायांचे व्यायाम सुरू व्हायचे असतात. १८८८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला, उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मन थाऱ्यावर असेल, तरच असा सराव होतो. ‘हात उचला’ हे वाक्यच ज्याच्या मनात टिकत नाही, त्याच्याकडून फिजिओथेरपिस्ट तरी काय करून घेणार!

घरच्यांच्या हातात पुष्कळ आहे

अमेरिकेत येल येथील डॉक्टरांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांना झोप, हालचाल, चष्मा, पाणी अशा साध्या गोष्टींची मदत दिल्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ते सारेच पक्षाघाताचे रुग्ण नव्हते, पण धडा सर्वांनाच लागू आहे. त्यासाठी:

● चष्मा, श्रवणयंत्र घरून आठवणीने आणा. समोर घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा.

● दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. रात्री उगाच उठवू नका.

● ओळखीचे एकच माणूस शक्यतो जवळ बसू द्या. भेटणाऱ्यांची गर्दी नको.

● दर थोड्या वेळाने शांतपणे सांगा, ‘‘अण्णा, मी तुमचा मुलगा. आपण बराकपूरला दवाखान्यात आहोत. आज सोमवार.’’

● वाद घालू नका, रागावू नका, हसू नका. हातपाय बांधल्याने भीती आणि धडपड वाढते.

● घोट नीट गिळता येतो की नाही, हे तपासल्याशिवाय पाणी किंवा पेज पाजू नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

● आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नका.

परगावी भाषेचाही प्रश्न असतो. बंगालीत विचारलेले सन, वार मराठी म्हाताऱ्याला समजले नाहीत, म्हणून तो भ्रमिष्ट ठरत नाही. उलट खरा भ्रम ‘भाषा कळत नाही’ या सबबीखाली झाकलाही जातो. म्हणून तपासणीच्या वेळी घरचे कोणी दुभाषा म्हणून हजर हवे. ‘पाणी’, ‘लघवी’, ‘दुखतंय’ एवढे मराठी शब्द बंगाली अक्षरांत, अर्थासह कागदावर लिहून नर्सकडे द्यावेत.

घरी आल्यावर

योग्य उपचार मिळाले, की बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. काहींची स्मरणशक्ती मात्र मंदावलेली राहते. म्हणून पुढच्या तपासणीला हा विषय डॉक्टरांपुढे जरूर काढावा. भ्रमात दिसलेली भीतिदायक दृश्ये रुग्णाला पुढेही आठवतात आणि आपण काय काय बोललो, याची त्याला लाज वाटते. त्याला सांगावे, ‘तो आजार होता, तुमचा दोष नव्हता.’ एवढ्या शब्दांनीही त्याच्या मनावरचे ओझे उतरते आणि व्यायामाला उद्या पुन्हा उठून बसण्याचे बळ येते.