भीतीचे वेढे

साल १९४८. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं न्यू झेबेडी नावाचं एक काल्पनिक गाव. हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र आहे आणि दोन पोरं दफनभूमीत शिरली आहेत. त्यातला लुइस दहा वर्षांचा, आईवडील मोटार अपघातात गेलेले, अंगानं गुबगुबीत, खेळात अगदीच ढ. दुसरा टार्बी, सगळ्या शाळेचा लाडका. त्याचा हात मोडलाय, खेळता येत नाही, तेवढ्यापुरती लुइसशी गट्टी. हात बरा होत आला तसा तो टाळायला लागलाय. त्याला धरून ठेवायचं तर काहीतरी जबरदस्त करून दाखवायला हवं. मग लुइस काकांच्या घरातल्या जादूच्या पुस्तकांतलं ज्ञान वापरतो आणि एका मेलेल्या बाईला उठवून बसतो.

जॉन बेलेअर्सची ‘द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स’ ही कादंबरी १९७३ साली आली. सोबत एडवर्ड गोरीची बारीक रेघांची, काळोखी चित्रं. लुइसचे जोनाथनकाका जादूगार, शेजारच्या झिमरमनबाई त्यांच्याहून वरचढ, आणि घराच्या भिंतीत कुठेतरी एक घड्याळ टिकटिकतंय. आधीच्या दुष्ट मालकानं ते जग संपवायला लपवून ठेवलेलं. मसाला भरपूर आहे. पण पुस्तक टिकलं ते मसाल्यावर नाही. कबरीतून उठलेल्या बाईला लुइस घाबरतो, त्याहून जास्त घाबरतो ते आपली करणी काकांना कळेल याला. कळलं तर ते आपल्याला घरात ठेवतील का? अनाथ पोराच्या पोटातला हा गोळा बेलेअर्सनं अचूक पकडला. आणि टार्बी? एवढं करूनही तो जातोच. भूत आवरता येतं, पांगलेला मित्र परत आणता येत नाही.

मुलांची चांगली भयकथा अशी असते. भुताच्या आडोशानं ती मुलाच्या मनातली दुसरीच भीती बाहेर काढते, जी त्याला सरळ बोलता येत नाही.

हॅलोविन हे अशा कथांना निमित्त. आयर्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी हा सण अमेरिकेत नेला. तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, इकडे भोपळा सापडला. आता ऑक्टोबर उजाडला की तिथल्या ग्रंथालयांत भुताखेतांच्या पुस्तकांचं वेगळं टेबल लागतं. त्या टेबलावर ‘स्लीपी हॉलो’चा मुंडकं नसलेला घोडेस्वार हटकून असतो. गंमत अशी, की वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२० च्या मूळ कथेत हॅलोविनचा उल्लेखच नाही. शरद ऋतू आहे, फुटलेला भोपळा आहे. बाकीचं लोकांनी जोडलं.

मुलांना किती घाबरवायचं, या भीतीच्या मापाबद्दल बोलायचं तर आर. एल. स्टाइनला वगळून चालत नाही. हा गृहस्थ आधी मुलांसाठी विनोदाची पुस्तकं लिहायचा, विनोदी मासिक चालवायचा. ‘गूझबम्प्स’ मालिकेचं पहिलं पुस्तक जुलै १९९२ मध्ये आलं, आणि १९९७ पर्यंत मूळ मालिकेची बासष्ट पुस्तकं झाली. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या ग्रंथालयांत आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत ती आजही सापडतात, बहुतेक वेळा मुखपृष्ठ फाटलेली. बाळगुटी उगाळताना आजी जसे वेढे मोजते, तशी स्टाइन भीती मोजतो. प्रकरणाच्या शेवटी किंकाळी, पुढच्या पानावर कळतं की मांजर होतं. पुन्हा किंकाळी, या वेळी मांजर नसतं. पहिल्याच पुस्तकात वेढे जास्त झाले, विनोद कमी पडला, असं त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय.

मला त्याची बरीचशी पुस्तकं पुठ्ठ्याच्या भुतांसारखी वाटतात. एक मात्र अपवाद. ‘द हॉन्टेड मास्क’, १९९३. अकरा वर्षांची कार्ली बेथ पटकन दचकते, म्हणून वर्गातली मुलं तिला सतत भिववतात. हॅलोविनला त्यांची जिरवायची म्हणून ती एक भयानक मुखवटा मिळवते. मुलं घाबरतात. तिला मजा येते, जरा जास्तच येते. मग मुखवटा निघेना. मानेपाशी बोट घालायला जाते तर कडच सापडत नाही. कातडी आणि मुखवटा एक झालेले. स्टाइनच्या मुलाच्या डोक्यात एकदा मुखवटा अडकला होता, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. मुखवटा उतरतो तो आईनं प्रेमानं बनवलेल्या कार्लीच्याच चेहऱ्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीमुळे. छळ सोसणाऱ्या मुलाला सूड घेताना आपण कोण होत चाललोय याची जी भीती वाटते, तिच्यावर एवढ्या सोप्या भाषेत लिहिलेलं मी फारसं वाचलेलं नाही.

याच्या उलट टोकाला अॅल्विन श्वार्ट्झ. ‘स्केरी स्टोरीज टु टेल इन द डार्क’ (१९८१) ही कादंबरी नव्हे, लोककथांचा संग्रह. ग्रंथालयांतून जुनी साधनं धुंडाळून जमवलेला, मागे टिपा जोडलेला. गोष्ट मोठ्यानं सांगायची, आणि अमुक ओळीला शेजारच्याच्या अंगावर झेपावायचं, अशा सूचनाही त्यात आहेत. गोष्टी तशा साध्याच. घाबरवलं ते स्टीफन गॅमेलच्या वितळत्या, केसाळ, शाई ठिबकणाऱ्या चित्रांनी. १९९० च्या दशकात अमेरिकन ग्रंथालयांतून हटवण्याची सर्वाधिक मागणी या पुस्तकापासून सुरू झालेल्या मालिकेची झाली. पुढे २०११ मध्ये प्रकाशकांनी सौम्य चित्रांची आवृत्ती काढली, तेव्हा ओरड केली ती याच पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांनी. काही वर्षांत गॅमेलची चित्रं परत आली.

पालकांना खुपतात ती चित्रं, पण खरं धाडस रोआल्ड डालच्या ‘द विचेस’च्या शेवटात आहे. १९८३ ची कादंबरी. चेटकिणी दुष्ट आहेत, टकल्या आहेत, पायाला बोटं नाहीत, हे सगळं मुलं खिदळत वाचतात. नायक मुलगा उंदीर होतो. आणि तो उंदीरच राहतो. उंदरासारख्या मुलाला फार तर आठ-नऊ वर्षं आयुष्य, असं नॉर्वेजियन आजी त्याला सांगते. ती स्वतः ऐंशीच्या पुढची. पोरगा खूश होतो, कारण आजीच्या मागं त्याला जगायचंच नाही. १९९० च्या सिनेमात त्याला परत माणूस केलं, तेव्हा डाल भडकला होता. बरोबरच होतं त्याचं. सिनेमावाल्यांनी प्रेक्षकाचं दुःख वाचवलं आणि गोष्टीचा कणा काढून घेतला.

वयाप्रमाणे सुचवायचं तर तेरा-चौदाच्या मुलासाठी पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११). मूळ कल्पना शिवॉन डाउडची. कर्करोगानं ती गेली, नेसनं पुस्तक लिहिलं. आजारी आईच्या मुलाकडे रात्री १२.०७ ला एक झाड चालत येतं. हे पुस्तक ज्या घरात तसा आजार चालू आहे तिथे विचार करून द्यावं. नऊ-दहाच्या मुलाला बेलेअर्स किंवा डाल खुशाल द्या, पहिली दोन प्रकरणं जवळ बसून वाचा. सात-आठच्या पोराला श्वार्ट्झचंच ‘इन अ डार्क, डार्क रूम’ पुरे. गळ्यात कायम हिरवी फीत बांधणाऱ्या बाईची गोष्ट त्यातलीच.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दिवाळीचा कंदील आणि हॅलोविनचा भोपळा काही वेळा एकाच आठवड्यात दारात येतात, तिथल्या मुलांना ही पुस्तकं शाळेतच भेटतात. इथे काय आहे? रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्याच हातानं मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटक लिहिलं. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी. पोरं किंचाळतात आणि त्याच श्वासात हसतात. म्हणजे वेढे मोजता येणारी माणसं आपल्याकडे होतीच, पण रंगमंचावर. दहा वर्षांच्या मुलानं एकट्यानं, पांघरुणात वाचावी अशी जाडजूड मराठी भयकादंबरी सुचवा म्हटलं, तर मी अडखळतो.

सामग्रीची टंचाई नाही. हडळ, झोटिंग, समंध, गिऱ्हा सगळे ओळीनं उभे आहेत. त्यातला मुंजा तर तयार नायकच. मुंज झाली, लग्नाआधी मेला, पिंपळावर जाऊन बसला. म्हणजे वाचकाच्याच वयाचं भूत. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ सिनेमानं त्याला कोकणातून थेट हिंदी पडद्यावर नेलं. कादंबरीत त्याला धावपळ करायला लावण्याची गरज नाही. पिंपळाखाली रोज एकटा डबा खाणारा एक मुलगा हवा, आणि वरून कुणीतरी त्याला नावानं हाक मारायला हवी.