थंडी सरतेय; शिवारातल्याच मालावर भरेल घराचं ताट

माघ सरत आला की दुपारचं ऊन चटकायला लागतं. हरभऱ्याचे घाटे भरलेत, तूर मळून झालीय, मेथी-पालक स्वस्त आहे. पालेभाजीपासून डाळीपर्यंत सगळं गावातच मिळण्याचे हे दिवस. तरी अनेक घरांत पोरांची भूक वेफर्सच्या पुड्यावर भागवली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यात ५ वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांत आणि निम्म्याहून जास्त महिलांत रक्त कमी आढळलं. म्हणून सध्याचं ताट महत्त्वाचं.

ताटात काय असावं?
- ज्वारीची भाकरी आणि सोलाण्यांची उसळ किंवा तुरीचं वरण. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की प्रथिनं चांगली मिळतात.
- मेथी, पालक, चाकवत, आंबट चुका यांपैकी एक पालेभाजी. हरभऱ्याचा वाळवलेला पाला असेल तर त्याची भाजी.
- गाजर, टोमॅटो, पेरू, बोरं.
- मधल्या वेळेला शेंगदाणे-गूळ. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

शिजवताना एवढं पाळा
भाजी आधी धुवा, मग चिरा. वरून लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. चहा तासाभरानं घ्या.

फवारणी झालीय का, विचारा
घाटे अळीसाठी फवारणी याच दिवसांत होते. फवारलेल्या रानातले घाटे लगेच खाऊ नका. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, ते औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. नुसतं धुतल्यानं सगळं औषध जात नाही.

विकण्याआधी घरचा वाटा काढा
सगळी तूर बाजारात घालायची आणि पावसाळ्यात दुकानातून डाळ आणायची, हा उलटा व्यवहार. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ-कडधान्य लागलं, तरी वर्षाला सुमारे ९० किलो होतं. भरडताना चुणी-फोलपटं जातात, म्हणून अख्खी तूर-हरभरा थोडा जास्तच ठेवा. कडक ऊन देऊन, गार झाल्यावर कोठीत भरा.

खूप थकवा, धाप किंवा पांढुरके ओठ-डोळे दिसले, तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.