हरकत काय होती? प्रेमविनोदी कादंबऱ्यांच्या एका वर्षाचा मागोवा

२०२५ साली जेन ऑस्टिनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली. १६ डिसेंबर १७७५ ही तिची जन्मतारीख. ते निमित्त धरून मी जानेवारीतच ठरवलं, की हे वर्ष प्रेमविनोदी कादंबऱ्यांना द्यायचं. एरवी या कादंबऱ्या प्रवासात किंवा आजारपणात विरंगुळा म्हणून वाचल्या जातात आणि वाचून झाल्या की कुणाला तरी देऊन टाकल्या जातात. त्या एकदा नीट, क्रमाने, वही-पेन हाताशी ठेवून वाचायच्या होत्या.

आकड्याचं उद्दिष्ट मुद्दाम ठेवलं नाही. गुडरीड्सवर २०११पासून वाचक दर वर्षी ‘यंदा इतकी पुस्तकं’ असा संकल्प सोडतात. ठरल्या वेगाच्या आपण पुढे आहोत की मागे, हेही तिथे दिसत राहतं. या संकल्पामुळे वाचनाची मोडलेली सवय पुन्हा लागलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण प्रेमविनोदी कादंबरी मुळातच भरभर वाचून होते. तिथे आकडा गाठणं सोपं. वर्षाच्या शेवटी हाती काय राहिलं, हे सांगणं अवघड. म्हणून दोन नियम केले. पुस्तकं प्रकाशनाच्या सालाप्रमाणे वाचायची, आणि पुस्तक संपलं की वहीत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं : या दोघांनी भेटल्याबरोबर लग्न करायला हरकत काय होती?

या कादंबऱ्यांचा शेवट वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार, हा लेखकाने दिलेला शब्दच असतो. त्यामुळे सगळं कसब आणि सगळा आशय त्या हरकतीत उतरतो. डिसेंबरात वहीतली उत्तरं ओळीने वाचली, तेव्हा दोन शतकांत माणसं कशाकशाला भ्यायली, त्याची नोंदच समोर आली.

इस्टेट, आणि तिच्या पलीकडे

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ २८ जानेवारी १८१३ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा पहिला खर्डा ऑस्टिनने विशीच्या सुरुवातीला लिहिला होता. १७९७मध्ये तिच्या वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाकडे विचारणा केली. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळवला. पुढे या कादंबरीचे हक्क तिने ११० पौंडांना विकले. तिची अपेक्षा १५० पौंडांची होती. आणि कादंबरीतल्या डार्सीचं वर्षाचं उत्पन्न आहे १०,००० पौंड. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले, की ऑस्टिन प्रत्येक पात्राचं उत्पन्न इतक्या काटेकोरपणे का नोंदवते, ते उमगतं.

बेनेटांच्या घरात पाच मुली. वडिलांच्या पश्चात राहतं घर आणि जमीन दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. मुलींच्या दृष्टीने लग्न हा डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. माझा प्रश्न हाती धरून वाचताना एलिझाबेथची मैत्रीण शार्लट माझ्या लेखी फार मोठी होत गेली. सत्तावीस वर्षांची ही मुलगी कॉलिन्ससारख्या कंटाळवाण्या माणसाला शांतपणे होकार देते, कारण तिला स्वतःचं घर हवं आहे. तिच्या या व्यवहाराची किंमत कळली, की एलिझाबेथच्या नकाराचं वजन कळतं. कादंबरीच्या मध्यावर डार्सी तिला मागणी घालतो. पैशाची हरकत तिथेच संपते, आणि तरीही ती नाही म्हणते. त्याने तिचा मान ठेवलेला नाही, हे कारण तिला पुरेसं वाटतं. घर जाण्याची भीती असलेली मुलगी दहा हजारांचं स्थळ मानासाठी नाकारते, त्या क्षणी हा साहित्यप्रकार आपल्या पायावर उभा राहतो, असं मला वाटतं.

डिसेंबर १८१५मध्ये आलेल्या ‘एमा’त ऑस्टिनने पैशाची चिंताच काढून टाकली. एमा श्रीमंत आहे, हुशार आहे, तिला लग्नाची गरज नाही. इतरांच्या मनातलं आपल्याला कळतं, हा तिचा ठाम समज हीच तिथली हरकत. एकाच लेखिकेने तीन वर्षांच्या आत दोन उत्तरं दिली होती : एक जगाने घातलेली अडचण, दुसरी स्वतःच्या स्वभावातली. पुढचं वर्षभर मी या दोन टोकांमध्येच फिरत होते.

आत्या, मावश्या आणि खोटा साखरपुडा

वुडहाउसला प्रेमविनोदी कादंबरीकार म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. पण त्याच्या कादंबऱ्यांतल्या ब्लँडिंग्ज किल्ल्यातल्या बहुतेक घोटाळ्यांच्या मुळाशी अडलेली लग्नं असतात. १९२९च्या ‘समर लाइटनिंग’मध्ये रॉनी फिशला नाटकमंडळीतल्या सू ब्राउनशी लग्न करायचं आहे, पण त्याचे पैसे मामाच्या ताब्यात आहेत. मामाची मर्जी मिळवायला तो मामाची लाडकी डुकरीण पळवतो. पुढे ती आपणच शोधून दिली असं दाखवायचा त्याचा बेत असतो. हरकत म्हणजे घरातली वडीलधारी मंडळी आणि त्यांच्या हातातली तिजोरी. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जॉर्जेट हेयर ही या वर्षाची माझी सर्वांत मोठी मिळकत. आजारी भावाच्या करमणुकीसाठी तिने रचलेली गोष्ट ‘द ब्लॅक मॉथ’ नावाने १९२१मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. १९७४मध्ये तिचं निधन झालं, तोवर ती लिहीत राहिली. मुलाखती मात्र तिने कटाक्षाने टाळल्या. ऑस्टिनचा काळ तिने कपड्यांच्या कापापासून गाड्यांच्या प्रकारांपर्यंत बारकाईने अभ्यासून उभा केला. १९५३च्या ‘कोटिलियन’मध्ये किटीला इस्टेट मिळायची आहे, पण पालकाच्या नात्यातल्या एका तरुणाशी लग्न केलं तरच. तिला हवा असलेला देखणा जॅक तिला गृहीत धरून बसलेला, म्हणून ती साध्या, सालस फ्रेडीशी खोटा साखरपुडा करते. आजच्या कादंबऱ्यांत सतत भेटणारी खोट्या प्रेमाची युक्ती इथे पूर्ण बहरात आहे. शिवाय हेयरचा निर्णय धाडसाचा आहे : नायक ठरतो फ्रेडी. अडल्या वेळी काय करायचं हे ज्याला नेमकं कळतं, तो माणूस दिमाखदार पुरुषापेक्षा प्रेमाला लायक आहे, हे ती हसतहसत सिद्ध करते.

त्याच हेयरच्या १९५०च्या ‘द ग्रँड सोफी’त ज्यू सावकाराचं जे चित्रण आहे, ते वाचताना मात्र राग येतो. हसू कुणाच्या वाट्याला आणि हेटाळणी कुणाच्या, ही वाटणी या कादंबऱ्यांत फार काळ ठरलेली होती. तो प्रसंग वगळून पुढे जाणं मला मंजूर नव्हतं. वहीत त्याची वेगळी नोंद आहे.

संकल्पांची रोजनिशी

हेलन फील्डिंगने १९९५मध्ये लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ दैनिकात ब्रिजेट जोन्सचं सदर सुरू केलं आणि पुढच्या वर्षी त्याची कादंबरी झाली. कथानकाचा सांगाडा ऑस्टिनकडून घेतल्याचं तिने उघडपणे सांगितलं; नायकाचं आडनावही डार्सीच ठेवलं. कादंबरी नव्या वर्षाच्या संकल्पांनी उघडते. रोजच्या नोंदीच्या माथ्यावर वजन, सिगारेटी, दारू, कॅलरी यांचे आकडे. ब्रिजेट स्वतः कमावते, एकटी राहते, तिच्या छपराचा प्रश्न सुटलेला आहे. तिची हरकत अशी, की आधी हे आकडे सुधारले पाहिजेत आणि मगच आपण प्रेमाला पात्र होऊ, असं तिला वाटतं. उद्दिष्टांचा विचार करत काढलेल्या वर्षात या पुस्तकाने मला सर्वांत जास्त शिकवलं. काही उद्दिष्टं माणसाला मोठं करतात आणि काही त्याला रोज हिशेबाला उभं करतात. हा फरक फील्डिंगने एकही उपदेश न करता दाखवला.

सालाप्रमाणे वाचण्याचा फायदा इथे दिसला. भारतीय पुस्तकं वेगळ्या कप्प्यात न जाता आपापल्या जागी, त्याच ओघात आली. अनुजा चौहानच्या २०१३च्या ‘दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स’मध्ये ऐंशीच्या दशकातली दिल्ली आहे, निवृत्त न्यायमूर्ती आहेत आणि त्यांच्या पाच मुली. पाच मुली म्हटल्यावर बेनेट आठवतात. पण हरकत पूर्ण वेगळी आहे. देबजानी सरकारी वाहिनीवर बातम्या वाचते, तर डिलन हा १९८४च्या शीखविरोधी हिंसाचारामागचं सत्य खणणारा पत्रकार. ती वाचते त्या बातम्यांवर त्याचा विश्वास नाही. दोन माणसांच्या मध्ये थेट राज्यसत्ता येऊन उभी राहते, आणि तरीही कादंबरी घरातल्या गोंगाटाने, बहिणींच्या भांडणांनी खळाळत राहते. प्रेमविनोदी कादंबरीला राजकारण पेलत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आता हे पुस्तक हाती देते.

मध्यभागी आलेली माणसं

शेवटच्या टप्प्यात वहीतली उत्तरं झपाट्याने बदलली. हेलन ह्वांगच्या २०१८च्या ‘द किस कोशंट’ची नायिका स्टेला अर्थमितीतली तज्ज्ञ आहे आणि स्वमग्न आहे, लेखिकेला स्वतःलाही प्रौढ वयात हेच निदान मिळालं. टालिया हिबर्टच्या २०१९च्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’मधली क्लोई ही दीर्घकाळच्या वेदनेचा आजार घेऊन जगणारी कृष्णवर्णीय ब्रिटिश तरुणी. गाडीखाली येता-येता वाचल्यावर ती जगण्याच्या राहून गेलेल्या गोष्टींची यादी करते. तिची यादी ब्रिजेटच्या यादीच्या अगदी उलट आहे. ब्रिजेटला स्वतःतून काहीतरी वजा करायचं होतं, क्लोईला जगणं वाढवायचं आहे. ज्यांना पूर्वी या गोष्टींत मैत्रिणीची किंवा चेष्टेच्या विषयाची जागा मिळाली असती, त्या व्यक्ती इथे मध्यभागी आहेत, आणि सुखान्तावर त्यांचाही हक्क मान्य झाला आहे.

त्याच वर्षी सोनाली देव यांची ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेव्हर्स’ आली. लेखिका मुंबईत वाढलेल्या, आता अमेरिकेत स्थायिक. कॅलिफोर्नियात राहणारं, संस्थानिक घराण्यातलं राजे कुटुंब. मुलगी त्रिशा मेंदूची शल्यविशारद, आणि समोर डीजे हा आचारी. डार्सीचा ताठा इथे त्रिशाकडे आला आहे आणि दुखावलेला मान डीजेकडे. घराण्याचं नाव, भावाची राजकीय कारकीर्द, त्यासाठी प्रत्येकाने द्यायची किंमत हे सगळं वाचताना हरकत ओळखीची वाटली. हवा तेवढी कॅलिफोर्नियाची.

वर्षाचं शेवटचं पुस्तक होतं एमिली हेन्रीची २०२०ची ‘बीच रीड’. शेजारी राहणारे दोन लेखक आपापले प्रांत बदलण्याची पैज लावतात : तिने गंभीर कादंबरी लिहायची, त्याने सुखान्त. वडील गेल्यावर त्यांच्याविषयी कळलेल्या गोष्टीने तिचा सुखान्तावरचा विश्वास उडालेला आहे. हरकत म्हणजे शोक.

वहीने काय सांगितलं

हरकत हळूहळू बाहेरून आत सरकत गेली असेल, असा निष्कर्ष हाती येईल असं वाटू शकतं. वहीत तशी सरळ रेघ नाही. ‘एमा’ने १८१५मध्येच ती मनात नेली होती, आणि चौहानने २०१३मध्ये ती पुन्हा सत्तेच्या दारात आणून ठेवली. बदललं ते हे, की कुणाच्या हरकतीची गोष्ट सांगण्याजोगी मानली गेली. शेवट गोड असण्याची हमी हा या प्रकाराचा दुबळेपणा समजला जातो. मला ते त्याचं बळ वाटतं. वाचकाला आधार दिलेला असल्यामुळेच लेखिका त्याला वारसाहक्क, आजार, दंगल, शोक यांच्याजवळून निर्धास्तपणे नेऊ शकते.

२०२६साठीचं उद्दिष्ट याच वाचनातून निघालं आहे : तोच प्रश्न घेऊन मराठीकडे जायचं. आपल्याकडे ही करामत कादंबरीपेक्षा रंगभूमीने जास्त केली. देवलांचं १९१६चं ‘संगीत संशयकल्लोळ’ आणि अत्र्यांचं १९३६चं ‘लग्नाची बेडी’ यांपासून सुरुवात करणार आहे. पुढे ना. सी. फडके, ज्यांनी मराठी वाचकाला प्रणयकादंबरीची गोडी लावली, आणि चि. वि. जोशी, ज्यांचा विनोद संसारात रमला. प्रणय आणि विनोद हे दोन प्रवाह आपल्या कादंबरीत कुठे एकत्र आले आणि कुठे दूर राहिले, ते मला पुस्तकागणिक पाहायचं आहे.

आणि आज मराठीत लिहिणाऱ्यांकडे एक मागणंही आहे. पत्रिका, जात, तिशी उलटल्यावरचं ‘आता कधी?’, घराचा हप्ता, एकाची परदेशातली नोकरी, दुसरीच्या आईचं आजारपण : दोन माणसांच्या मध्ये उभं राहू शकेल असं आपल्या शहरा-गावांत आज किती काही आहे. या प्रत्येक हरकतीवर एक हसरी, शहाणी, सुखान्त कादंबरी मराठीत लिहिली जावी. ती वाचायला वाचक तयार आहेत.