परवलीच्या शब्दाची राखण

नवी मुंबईतील वाशीच्या बाजार आवारात जाणारे कांद्याचे पोते शेतकरी तोंड शिवून पाठवितो. वाटेत कोणी माल काढू अगर बदलू नये, हा त्यामागील हेतू. आता मालाबरोबर माहितीही पाठवावी लागते. 'महाडीबीटी'वर अनुदानाचा अर्ज करण्यासाठी किंवा १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या 'ई-नाम' बाजारात व्यवहार करण्यासाठी संकेतस्थळावर आपली ओळख पटवावी लागते. ही माहिती पोत्याइतकी जपून जाते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल, तर त्यावर लिहिलेला परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेत तो वाचता येतो व बदलताही येतो. 'एचटीटीपीएस' असल्यास मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि संकेतस्थळाच्या नावाची खूण प्रमाणपत्रावरून पटते.

केवळ प्रवेशाचे पान सुरक्षित करून भागत नाही. प्रवेशानंतर संकेतस्थळ एक ओळखचिठ्ठी देते व ती पुढील प्रत्येक पानाबरोबर जाते. ती चिठ्ठी उघडी राहिल्यास परवलीचा शब्द न कळताही खात्यात शिरता येते, हे २०१० साली 'फायरशीप' या साधनाने जगास दाखवून दिले. म्हणून ज्या शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःचे संकेतस्थळ चालवितात, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व पाने 'एचटीटीपीएस'वर ठेवावीत. प्रमाणपत्राच्या खर्चाची सबब आता उरलेली नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून ते विनामूल्य देते. मात्र त्याची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण झालेच पाहिजे.

शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. 'सुरक्षित नाही' अशी सूचना दिसल्यास परवलीचा शब्द लिहू नये. क्रोममध्ये साध्या 'एचटीटीपी' पानांवर ही सूचना जुलै २०१८ पासून दिसते.

२. शिवलेल्या पोत्यातही खडे असू शकतात. ठकाच्या संकेतस्थळालाही 'एचटीटीपीएस' मिळते. म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचावे. 'महाडीबीटी' व 'ई-नाम' यांच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो.

३. दुसऱ्याच्या संगणकावर काम आटोपताच खात्यातून बाहेर पडावे. मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरून कोणासही सांगू नये.

४. फसवणुकीने पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

वर्षभराच्या कष्टाचे अनुदान एका उघड्या पानामुळे परक्याच्या हाती जाऊ नये, यासाठी पत्ता वाचण्यास लागणारा क्षणभराचा वेळ अवश्य द्यावा.