स्वस्त यंत्र महाग पडते का?

टेलिव्हिजनला जोडून खेळावयाचे प्लेस्टेशन ५ हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आले. तबकडीचे ४९,९९० रुपयांस, बिनतबकडीचे ३९,९९० रुपयांस. जांबोटीसारख्या रानातल्या गावी स्वस्त तेच महाग पडते, असे आम्हांस वाटते. बिनतबकडीच्या यंत्रात प्रत्येक खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. आणि पावसाळ्यात आमची वीज केव्हा जाईल, याचा नेम नाही! तबकडी शेजाऱ्यास उसनी देता येते, पुढे विकताही येते. नव्या मोठ्या खेळाची किंमतच तेव्हा ४,९९९ रुपये होती, हे ध्यानी घ्यावे. थांबल्यास भाव उतरतो, हा नेहमीचा हिशेबही चुकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तबकडीचे यंत्र ५४,९९० वर गेले. रोख पैसे मोजून ज्यांनी ते आरंभीच घेतले, ते फसले नाहीत. हप्त्याने घेणाऱ्यांचे व्याज आम्ही यात धरलेले नाही.